मान डोलली म्हणजे समजलं असं नाही

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे १-०-१ असं लिहिलेलं असतं. ज्याला ही खूण ठाऊक आहे त्याला ती लगेच कळते: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ज्याला ठाऊक नाही तो चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतो आणि मेडिकलवाल्याला विचारतो, ‘कशी घ्यायची?’ मेडिकलवाला सांगतो, ‘सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर.’ आता सकाळचं जेवण म्हणजे कोणतं? जो माणूस चहा-खारी खाऊन लोकल पकडतो आणि दुपारी एकला डबा उघडतो, त्याने ‘सकाळची, जेवल्यावरची’ गोळी नक्की कधी घ्यायची? हा प्रश्न त्याच्या मनात येतो, पण तो विचारत नाही. मागे रांग असते.

हे प्रकरण अशा न विचारलेल्या प्रश्नांबद्दल आहे.

टेंभी नाका म्हटलं की ठाण्याबाहेरच्या माणसाला नवरात्रातली देवी आणि दहीहंडी आठवते. शहापूर, मुरबाड, भिवंडीकडच्या माणसाला मात्र टेंभी नाका म्हणजे एसटी किंवा लोकलने येऊन गाठायचा सरकारी दवाखाना. विठ्ठल सायन्ना जिल्हा सामान्य रुग्णालय हे त्याचं पूर्ण नाव; बोलताना सगळे ‘सिव्हिल’च म्हणतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत जव्हार-मोखाड्यापासून डोंबिवलीपर्यंतचा सगळा मुलूख एकाच ठाणे जिल्ह्यात होता. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर होती, देशातल्या कुठल्याही जिल्ह्यापेक्षा जास्त. अशा जिल्ह्याच्या रुग्णालयात एकाच बाकावर भिवंडीचा यंत्रमाग कामगार, शहापूरची कातकरी बाई, नौपाड्यातले निवृत्त कारकून आणि कळव्याची आगरी आजी शेजारी शेजारी बसतात. चौघांना एकच आजार असेल, गोळीही एकच मिळेल. पण एकाच वाक्यात सांगितलेलं चौघांना सारखं कळेल, अशी खात्री कुणी देऊ शकत नाही.

आरोग्याबद्दलची माहिती मिळवता येणं, ती समजणं, खरी-खोटी पारखता येणं आणि घरी गेल्यावर वापरता येणं, या सगळ्याला मिळून जगभर आरोग्य साक्षरता म्हणतात. ती रुग्णाच्या अंगी असते किंवा नसते, असं समजून आपण बोलत आलो. मला वाटतं, तिची निम्म्याहून अधिक जबाबदारी सांगणाऱ्याची आहे. डॉक्टरांनी काय सांगितलं यापेक्षा रुग्ण काय घेऊन घरी गेला, हे तपासणं उपचाराचाच भाग आहे. ते तपासता येतं आणि त्याला यंत्र लागत नाही.

चुकतं कुठे

जुलाब झालेल्या मुलासाठी ओआरएसचं पाकीट मिळतं. मोठ्या पाकिटावर छापलेलं असतं की अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवा. आता घरात लिटर कुठे असतो? घरात असतो तांब्या, फुलपात्र, पेला. मूल एका वेळी चार घोट पितं, म्हणून आई चिमूटभर पूड पेल्यात टाकते आणि उरलेलं पाकीट दुमडून फळीवर ठेवते. पूड जास्त पडली तर पाणी खारट आणि गोड होऊन मुलाच्या अंगातल्या क्षारांचा तोल बिघडतो. कमी पडली तर नुसतं पाणीच पोटात जातं. आईने कुठलीही हयगय केलेली नसते. सिस्टरने एक लिटरची रिकामी पाण्याची बाटली हातात धरून ‘ही भरायची, पाकीट एकदम सगळं ओतायचं, आणि उद्या याच वेळेला उरलेलं फेकून द्यायचं’ एवढं दाखवलं असतं तर काम झालं असतं. बरोबर दिलेल्या झिंकच्या गोळ्यांचंही तसंच. त्या १४ दिवस द्यायच्या असतात, पण जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि गोळ्याही थांबतात. जुलाब थांबले तरी गोळी का द्यायची, हे आईला कुणी सांगितलेलंच नसतं.

इन्सुलिनची गोष्ट याहून गंभीर. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची. दोन्ही सिरिंजवर आकडे असतात, दोन्हींवर २० असतो. ४० च्या बाटलीतून नारिंगी टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत औषध ओढलं तर अंगात फक्त ८ युनिट जातात आणि साखर वाढलेलीच राहते. उलट चूक झाली, म्हणजे १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० पर्यंत ओढलं, तर ५० युनिट जातात आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. ‘वीस घ्या’ हे डॉक्टरांनी सांगितलेलं वाक्य दोन्ही वेळा अचूक पाळलेलं असतं.

तिसरा प्रकार रोजचा. रुग्णाला सिव्हिलमधून रक्तदाबाची गोळी जेनेरिक नावाने मिळते. मध्ये कधीतरी खासगी डॉक्टर तीच गोळी कंपनीच्या नावाने लिहून देतात. एक गोळी पांढरी, दुसरी गुलाबी. रुग्णाच्या दृष्टीने ही दोन औषधं झाली. तो दोन्ही घेतो आणि चक्कर येऊन पडतो. किंवा पुरवठा बदलतो, नेहमीच्या गुलाबीऐवजी पिवळी गोळी हातात पडते, आणि ‘ही माझी नाही’ म्हणून ती डब्यात राहून जाते. ज्याला नाव वाचता येत नाही तो गोळी रंगाने ओळखतो, आणि रंगाची हमी कुणी देत नाही.

ही गोष्ट फक्त आपल्या जिल्ह्याची किंवा फक्त न शिकलेल्यांची नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात ३९५ रुग्णांना औषधाच्या बाटल्यांवरच्या सूचना वाचायला दिल्या गेल्या. त्यांतली एक सूचना होती, दोन गोळ्या दिवसातून दोनदा घ्या. वाचनात कच्च्या असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७१ टक्क्यांनी ही सूचना बरोबर सांगितली. मग त्यांना बाटलीतून दिवसभराच्या गोळ्या मोजून दाखवायला सांगितलं, तेव्हा चार गोळ्या काढणारे निघाले फक्त ३५ टक्के. सूचना तोंडपाठ असणं आणि ती हाताने करता येणं यांत एवढं अंतर असतं. युरोपातल्या आठ देशांत २०११ मध्ये झालेल्या पाहणीतही जवळजवळ निम्म्या लोकांची आरोग्यविषयक समज अपुरी आढळली, आणि तिथे तर जवळपास प्रत्येकाला लिहितावाचता येतं.

नौपाड्यातल्या आपल्या निवृत्त कारकुनांचंच घ्या. हिशेब त्यांनी आयुष्यभर केले. पण तपासणीचा निकाल ‘निगेटिव्ह’ आला म्हटल्यावर त्यांच्याही पोटात गोळा येतो, कारण रोजच्या बोलण्यात तो शब्द वाईटाचा. आजाराचं नाव कानावर पडताच पुढचं काही ऐकू येत नाही, हा अनुभव प्राध्यापकालाही येतो आणि हमालालाही. दवाखान्यात ऐकलेल्यातलं ४० ते ८० टक्के माणूस लगेच विसरतो, आणि जे आठवतं त्यातलंही निम्म्याच्या आसपास चुकीचं आठवतं, असं या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००३ मध्ये सांगून गेला आहे. घाबरलेल्या, दुखत असलेल्या, उपाशी माणसाची समज त्या दिवशी त्याच्या पदवीइतकी नसते.

मोजायचं कसं

समज मोजण्याचे प्रयत्न गेली तीसेक वर्षं चालू आहेत. १९९० च्या दशकात अमेरिकेत ६६ वैद्यकीय शब्दांची एक यादी तयार झाली. रुग्णाने ते शब्द मोठ्याने वाचायचे. किती बरोबर उच्चारले यावरून त्याची पातळी ठरायची. दोन-तीन मिनिटांत काम होई, म्हणून ती लोकप्रिय झाली. १९९५ मध्ये दुसरी चाचणी आली. तिच्यात दवाखान्यातले खरे कागद वाचून रिकाम्या जागा भरायच्या आणि आकड्यांचे प्रश्न सोडवायचे. त्यात वीसेक मिनिटं जात. २००५ मध्ये आइस्क्रीमच्या डब्यावरचं पोषणाचं लेबल हातात देऊन सहा प्रश्न विचारणारी चाचणी आली.

यातली शब्दांची यादी मराठीत आणायला गेलं की एक मोठी अडचण समोर येते. इंग्रजीत शब्दाचं स्पेलिंग आणि उच्चार यांचं नातं सरळ नसतं. म्हणून जो शब्द अचूक उच्चारतो त्याने तो आधी ऐकलेला, वापरलेला असण्याची शक्यता मोठी. देवनागरीत लिहिलेलं बहुतेक तसंच वाचता येतं. चौथी शिकलेली बाई ‘ऑस्टिओपोरोसिस’ हा शब्द अक्षर अक्षर जुळवून अचूक वाचेल, आणि तिच्या हाडांशी त्याचा काय संबंध हे तिला कणभरही कळलेलं नसेल. स्पॅनिशमध्ये नेमका हाच प्रश्न आल्यावर तिथे शब्दाबरोबर अर्थाची निवड करायला लावणारी वेगळी चाचणी करावी लागली. आइस्क्रीमच्या लेबलचंही तेच. मुरबाडच्या आजीसमोर ते ठेवून काहीच कळणार नाही; मोजायचंच असेल तर रेशनचं धान्य, ओआरएसचं पाकीट, गोळ्यांची स्ट्रिप यांवर प्रश्न बेतावे लागतील.

दुसरी अडचण लाजेची. अटलांटातल्या एका रुग्णालयात झालेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आपल्याला नीट वाचता येत नाही असं ज्यांनी मान्य केलं त्यांपैकी दोन तृतीयांश जणांनी ही गोष्ट आपल्या जोडीदारालाही कधी सांगितली नव्हती. जे नवऱ्याला सांगितलं नाही ते ओपीडीच्या टेबलापाशी, चार अनोळखी माणसांसमोर कोण सांगेल? रांगेत उभं करून ‘वाचा बघू’ म्हणणं म्हणजे आजारी माणसाची परीक्षा घेणं, आणि नापास होणारा माणूस पुढच्या वेळी येणारच नाही.

म्हणून हळूहळू मत असं बनलं की माणसाची पातळी ठरवत बसण्यापेक्षा प्रत्येकाला कळायला अवघड जाईल असं धरूनच बोलावं. अमेरिकेच्या आरोग्य संशोधन संस्थेने २०१० मध्ये दवाखान्यांसाठी काढलेली मार्गदर्शिका याच तत्त्वावर बेतलेली आहे. रक्ताला हात लावताना नर्स समोरच्याला कुठला संसर्ग आहे हे विचारत बसत नाही, सरसकट हातमोजे घालते. साधं बोलणंही तसंच सरसकट असावं. पदवीधर रुग्णाला सोपं सांगितल्याने अपमान वाटतो ही भीती खोटी आहे. सोपं ऐकायला सगळ्यांनाच आवडतं, डॉक्टर स्वतः रुग्ण होऊन खाटेवर पडले तरी.

तरीही सरसकट सोपं बोलणाऱ्यालाही अधिक वेळ कुणाला द्यायचा हे ठरवावं लागतं, आणि त्यासाठी चाचणी लागत नाही, डोळे उघडे ठेवावे लागतात. ‘चष्मा घरी राहिला.’ ‘मुलगा आला की भरतो फॉर्म.’ ‘ठेवा इथे, घरी जाऊन वाचते.’ कागद उलटा धरलेला. प्रत्येक प्रश्नाला ‘हो, हो’. औषध ‘ती लाल वाटोळी’ म्हणून सांगितलेलं. महिन्याच्या गोळ्या दिल्या असताना दोन महिन्यांनी उगवलेला माणूस. केस पेपर काढून देणारा कारकून, टोकन देणारा शिपाई आणि सिस्टर यांना या खुणा डॉक्टरांच्या आधी दिसतात. त्यांनी केस पेपरच्या कोपऱ्यात एखादी ठरलेली खूण केली, फक्त कर्मचाऱ्यांना कळेल अशी, तरी पुढच्या टेबलावरचा माणूस सावध होतो. ‘दवाखान्यातले कागद भरताना कुणाची मदत घेता का?’ हा एक प्रश्नही पुष्कळ सांगून जातो, आणि तो कुणाला टोचत नाही.

आणखी एक उपाय: पुढच्या खेपेला घरातल्या सगळ्या गोळ्या-बाटल्या एका पिशवीत घालून आणायला सांगणे. पिशवी टेबलावर रिकामी केली की आधीचं सगळं दिसतं. संपून गेलेल्या तारखांची औषधं, शेजारणीने दिलेली दुखण्याची गोळी, एकाच औषधाची दोन नावं, न उघडलेल्या स्ट्रिप. मग प्रत्येक गोळी उचलून ‘ही कशासाठी? कधी घेता?’ एवढंच विचारायचं.

उलटा प्रश्न

या सगळ्या विषयातलं सर्वांत उपयोगी हत्यार म्हणजे एक प्रश्न. तो नीट विचारला तर समज मोजताही येते आणि दुरुस्तही करता येते.

आपल्याकडे समजावून झालं की विचारतात, ‘समजलं ना?’ याला उत्तर एकच असतं, आणि ते ‘हो’. मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हणायचं नसतं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. डॉक्टर तर देवमाणूस. त्याऐवजी सिस्टर असं म्हणाली तर?

‘मावशी, मी भरभर बोलले. माझं काही सांगायचं राहिलं का ते मला बघायचंय. घरी गेल्यावर सूनबाई विचारेल, काय सांगितलं दवाखान्यात? तर तिला काय सांगाल?’

‘सांगेन, शुगरची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची.’

‘बरोबर. आणि उपाशीपोटी म्हणजे, सकाळी उठल्यावर आधी काय घेता?’

‘चहा तर लागतोच की.’

‘चहा बिस्किटाबरोबर?’

‘दोन मारी. ते काय खाणं नव्हे.’

इथे सिस्टरला तिचं उत्तर मिळालं. चहा-बिस्किट म्हणजे खाणं नव्हे, हे घराघरातलं गणित आहे, आणि ‘उपाशीपोटी’ या सूचनेत ते कुठेच धरलेलं नव्हतं. आता ती सांगेल, ‘मग असं करा. उठलात, चूळ भरली की पाण्याबरोबर गोळी. चहा-बिस्किट अर्ध्या तासाने.’ आणि पुन्हा म्हणवून घेईल. चुकलं तर परत वेगळ्या शब्दांत. तेच वाक्य मोठ्या आवाजात सांगून काही उपयोग होत नाही.

या पद्धतीत दोन गोष्टी जपाव्या लागतात. पहिली म्हणजे प्रश्नाचा भार सांगणाऱ्याने आपल्या डोक्यावर घ्यायचा. ‘तुम्हाला कळलं का ते सांगा’ याने रुग्ण परीक्षेला बसतो. ‘मी नीट सांगितलं का’ याने तो मदतीला येतो. दुसरी म्हणजे जे हाताने करायचं ते हातानेच करवून घ्यायचं. दम्याचा पंप असेल तर तिथेच ओढून दाखवायला सांगायचा, इन्सुलिन असेल तर सिरिंज भरून दाखवायची, पातळ औषध असेल तर मापाच्या टोपणात रेघेपर्यंत पाणी ओतून दाखवायचं.

हे खरंच उपयोगी पडतं का? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी रुग्णालयात मधुमेहाच्या रुग्णांशी झालेली डॉक्टरांची बोलणी ध्वनिमुद्रित करून तपासली गेली. डॉक्टरांनी सांगितलेल्या नव्या गोष्टींपैकी जेमतेम १२ टक्के गोष्टी रुग्णाला कळल्या की नाही, हे त्यांनी तपासलं होतं. जिथे तपासलं होतं तिथल्या रुग्णांची तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात असण्याची शक्यता जास्त आढळली. आणि त्या बोलण्याला लक्षात येण्याइतका जास्त वेळही लागला नव्हता.

थोडं, आकड्यात, आणि रंगासकट

सांगायचं कसं, याचे नियम फार नाहीत. एका भेटीत दोन-तीन गोष्टी, त्याही महत्त्वाच्या आधी. ‘व्यायाम करा, मीठ कमी, वजन उतरवा, तेल कमी, झोप घ्या, ताण घेऊ नका’ या यादीतलं काहीच उरत नाही. ‘लोणचं आणि पापड बंद’ हे उरतं. टक्क्यांऐवजी माणसं मोजायची: ‘तुमच्यासारख्या शंभर जणांवर हे ऑपरेशन झालं तर दोघांना असा त्रास होतो.’ ‘वरचेवर’, ‘गरज पडली तर’, ‘भरपूर पाणी’ असल्या शब्दांऐवजी वेळ, संख्या आणि घरातलं भांडं. गोळीच्या पाकिटावर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढला तर १-०-१ पेक्षा ते अधिक लोकांना कळेल. मात्र चित्रही आधी आपल्याच रुग्णांना दाखवून पाहायचं, कारण चित्रं काढणारा आणि पाहणारा यांच्या मनात एकच गोष्ट असेलच असं नाही.

आणि औषधाने काय होईल हे आधीच सांगून ठेवायचं. क्षयरोगाच्या गोळ्यांत रिफॅम्पिसिन असतं. त्याने लघवी केशरी-तांबडी होते. हे आधी सांगितलं नाही तर पहिल्या दिवशीच रुग्णाला वाटतं, रक्त जातंय. तो गोळी बंद करतो आणि कुणाला सांगत नाही. ‘रंग बदलेल, म्हणजे औषध पोटात गेलं’ असं सांगितलं तर तोच रंग त्याला धीर देतो. क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आणि खोकला थांबतो पहिल्या काही आठवड्यांत, हे अंतर जो समजावून सांगतो त्याचा रुग्ण टिकतो. रक्तदाबाचंही तेच. ‘नॉर्मल आला, आता गोळी कशाला?’ याला उत्तर, ‘गोळी चालू आहे म्हणून नॉर्मल आला.’

भाषेचा प्रश्न ठाण्यात वेगळा सांगायला नको. भिवंडीच्या कामगाराला हिंदी-उर्दू, वारली-कातकरी पाड्यांवरून आलेल्यांना त्यांची बोली, आगरी-कोळी आजीला तिची. सगळ्या भाषा डॉक्टरांना येणार नाहीत, पण वॉर्डात मामा-मावशींमध्ये, सिस्टरांमध्ये, आशाताईंमध्ये त्या असतात. कुणाला कुठली बोली येते याची एक यादी भिंतीवर लावणं एवढंच काम आहे. सोबतच्या नातेवाइकाला दुभाषा करताना मात्र जपावं लागतं. बाईचं आजारपण तिचा दहावीतला मुलगा सांगतो तेव्हा निम्मं ती त्याला सांगतच नाही. आणि घरात गोळ्या देणारं माणूस वेगळं असेल तर उलटा प्रश्न त्यालाच विचारायचा.

अक्षरांवाचूनची समज

निरक्षर माणसाला वैद्यकातलं काय कळणार, असं ज्यांना वाटतं त्यांनी महाराष्ट्रातलीच दोन कामं पाहावीत. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि गावोगावच्या, पुष्कळदा शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवलं. या कामासाठी त्यांना १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासमोर प्रश्न होता बाळांच्या न्यूमोनियाचा. तो ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती हे मोजायला हवं, आणि दाईंना तेवढी मोठी संख्या मोजता येत नव्हती. त्यांनी दाईंना अंक शिकवण्याची वाट पाहिली नाही. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी असलेलं साधन केलं. एक ओळ अगदी तान्ह्या बाळांसाठी, दुसरी मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया, औषध सुरू. जे ज्ञान आकड्यांत अडकलं होतं ते बोटांत आणलं. पुढे त्याच भागातल्या ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, तेव्हा नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. ‘लॅन्सेट’ने १९९९ मध्ये हे छापलं आणि पुढे देशाच्या आशा कार्यक्रमात घरपोच नवजात काळजी आली.

आपल्याच जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी, ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन वर्गात बसू लागल्या आणि अंगठ्याऐवजी सही करू लागल्या. शिकण्याला वय नसतं हे त्यांनी दाखवलं. पण सिव्हिलच्या बाकावर बसलेल्या आजीला आज गोळी घ्यायची आहे. तिने आधी अक्षरं गिरवावीत आणि मग आपण तिला समजावू, असं म्हणता येत नाही.

सही कशावर

ऑपरेशनच्या आधी कागद पुढे येतो. ‘इथे सही करा. येत नसेल तर अंगठा.’ सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलं की उपचार काय, कशासाठी, दुसरे पर्याय कोणते, धोके कोणते आणि उपचार नाकारला तर काय होईल, हे सांगितल्यावरच रुग्णाची संमती खरी ठरते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णांच्या १७ हक्कांची सनद तयार केली. आपल्याला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क तिच्यात आहे. म्हणजे न समजलेल्या कागदावरचा अंगठा कायद्याच्या नजरेतही कच्चा आहे.

मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये डॉक्टरांना औषधांची जेनेरिक नावं सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायला सांगितलं. चांगलंच झालं, मेडिकलवाल्याच्या चुका कमी होतील. पण ती अक्षरं इंग्रजी आहेत. ज्याच्या पोटात औषध जाणार त्याच्यासाठी चिठ्ठी अजून तितकीच बंद आहे. तिच्या खाली मराठीत दोन ओळी, ‘रक्तदाबासाठी, रोज सकाळी एक, स्वतःहून बंद करू नये’ एवढ्या लिहायला कुठल्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

वेळ कुठून आणायचा

यावर डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं असतं आणि ते खोटं नसतं: वेळ नाही. ६७ देशांतल्या आकडेवारीच्या २०१७ च्या आढाव्यात एका रुग्णाला मिळणारा वेळ बांगलादेशात ४८ सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं निघाला. भारताची नोंद दोन मिनिटांच्या आसपास होती. दोन मिनिटांत सगळं बसत नाही, हे मान्यच. म्हणून उलटा प्रश्न डॉक्टरांनीच विचारावा असा हट्ट नको. औषधाच्या खिडकीवरच्या फार्मासिस्टने तो विचारावा, सिस्टरने विचारावा, घरी गेल्यावर आशाताईने विचारावा. न समजता गेलेला रुग्ण आठवड्याने वाढलेला आजार घेऊन परत येतो, तेव्हा दोन मिनिटांऐवजी खाट द्यावी लागते. वेळ तिथे जातो.

सिव्हिलची जुनी इमारत पाडून त्या जागी ९०० खाटांच्या नव्या रुग्णालयाची योजना आखली गेली आणि बांधकामाच्या काळासाठी कामकाज मनोरुग्णालयाच्या आवारात हललं. जुना केस पेपर घेऊन टेंभी नाक्यावर उतरलेल्या माणसाला दवाखाना कुठे गेला हे विचारत जावं लागलं. वाट सापडणं हीसुद्धा याच विषयाची पहिली पायरी आहे. नवी इमारत आखताना यंत्रं आणि खाटा मोजल्या जातात, तशाच या गोष्टीही आधीच मोजून घ्यायला हव्यात: विभागांना इंग्रजी नावांबरोबर मोठे आकडे आणि रंगाच्या पट्ट्या, औषधाच्या खिडकीपाशी थांबून बोलता येईल एवढी जागा, आणि डिस्चार्जच्या वेळी प्रत्येकाला उलटा प्रश्न विचारणारं एक नेमलेलं माणूस.

आणि हे सगळं होईपर्यंत हे पुस्तक वाचणाऱ्याच्या हातात एक गोष्ट आहे. पुढच्या वेळी दवाखान्यातून उठण्यापूर्वी, स्वतःसाठी किंवा सोबत नेलेल्या आईसाठी, एवढंच म्हणा: ‘डॉक्टर, मला जे कळलं ते मी एकदा म्हणून दाखवतो. चुकलं तर सांगा.’ यात डॉक्टरांचा अपमान होत नाही आणि तुमचाही होत नाही. चूक असलीच तर ती टेबलापाशीच सापडते. घरी गेल्यावर सापडली, तर तिची किंमत रुग्णाला शरीराने मोजावी लागते.